कलम १०९ तपासाची जागा घेत नाही : तपासी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पोलीस ठाण्यांचे तपासी अधिकारी

विषय : चार भिंतींच्या आत झालेल्या खुनाचा तपास आणि परिस्थितीजन्य पुरावा

स. न. वि. वि.

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. काही खटल्यांत आरोपीचे वकीलपत्र माझ्याकडे असते, काहींत मयत बाईच्या माहेरच्यांतर्फे मी सरकारी वकिलांना साहाय्य करते. घरातल्या खुनाची फाईल त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी वाचते आणि दोन्ही वेळा अस्वस्थ होते. आरोपीतर्फे वाचताना वाटते, एवढ्याशा पुराव्यावर माणसाला जन्मठेप मागताहेत. माहेरच्यांतर्फे वाचताना वाटते, मुलगी मारली गेली हे अख्ख्या गावाला माहीत आहे आणि कोर्टात ते शाबीत करील असे या दोनशे पानांत काहीच नाही. दोन्हीचे कारण बहुतेक वेळा एकच निघते. तपास पहिल्याच दिवशी एका वाक्यापाशी येऊन थांबलेला असतो : "नवरा घरातच होता, आता त्यालाच सांगू दे काय झालं ते."

या वाक्याला कायद्याचा आधार आहे असे तुमच्यापैकी अनेक जण धरून चालतात. तो आधार म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९. ३० जून २०२४ पर्यंत तेच पुरावा कायद्याचे कलम १०६ होते. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे, ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर, असे हे कलम सांगते. मला या पत्रात कळकळीने सांगायचे आहे ते इतकेच की हे कलम तुमचे काम पुरे झाल्यावर लागू होते. तुम्ही न केलेले काम ते भरून काढत नाही.

घरातला खून आणि रस्त्यावरचा खून यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या फरकाने पुराव्याचे मोल कसे बदलते, याचा विचार फायलीत क्वचित दिसतो. रस्त्यावर सापडलेल्या सुऱ्यावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले तर तो मोठा पुरावा. स्वयंपाकघरातल्या सुरीवर नवऱ्याचे ठसे असणारच, तो त्या घरात राहतो. त्याच्या शर्टावर तिचे रक्त आहे, तर तो म्हणतो, मीच तिला उचलून रिक्षात घातले. पुष्कळदा ते खरेही असते. ओढणी घरातली, उशी घरातली, वरवंटा घरातला. जप्ती पंचनाम्यात हे सगळे मुद्देमाल म्हणून येते, पंचांच्या सह्या होतात, लेबले लागतात, सील होते आणि साक्षीच्या वेळी त्यातून हाती काही लागत नाही. शेजारी म्हणतात, आम्ही झोपलो होतो. घरात असलेली माणसे म्हणजे आरोपीची आई, भाऊ, भावजय. पंच गावातलेच, खटला उभा राहीपर्यंत फितूर. म्हणून या प्रकारच्या खुनात वस्तूंवर फार विसंबता येत नाही. मयताचे शरीर काय सांगते, जागा काय सांगते, वेळ काय सांगते आणि आरोपीने दिलेली हकिगत या तिन्हींशी जुळते का, हे तपासाचे खरे क्षेत्र आहे.

परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी आपल्याच राज्यातल्या खटल्यात ठरली : शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९८२ साली, लग्नाला चार महिने झाले असताना, पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तिने स्वतःच विष घेतले असण्याची शक्यता सरकार पक्षाला मोडून काढता आली नव्हती. त्या निकालात घालून दिलेली पाच तत्त्वे आज प्रत्येक वकील तोंडपाठ म्हणतो. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती आधी पूर्णपणे शाबीत झालेली असावी. ती आरोपीच्या अपराधाशीच जुळणारी असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. अपराधाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता तिने शिल्लक ठेवू नये. आणि सगळे दुवे मिळून साखळी अशी पूर्ण व्हावी की आरोपीनेच हे केले, याखेरीज दुसरा वाजवी निष्कर्ष निघू नये. याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लक्ष जाते. आरोपीचा बचाव खोटा निघाला तर तो जादा दुवा म्हणून धरता येतो, पण बाकीची साखळी आधीच पूर्ण असेल तेव्हाच. तुटलेला दुवा खोट्या बचावाने सांधता येत नाही.

आता कलम १०६. त्याचा अर्थ सांगणारा पायाभूत निकाल खुनाच्या खटल्यातला नाहीच. शंभुनाथ मेहरा विरुद्ध अजमेर राज्य, १९५६. रेल्वेच्या एका कारकुनावर खोटेपणाने प्रवासभत्ता उचलल्याचा आरोप होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तिथे बजावले की गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि या कलमाने ती उतरत नाही. हे कलम अपवादात्मक प्रसंगांसाठी आहे. तसे नसते तर खुनाच्या प्रत्येक खटल्यात आरोपीलाच सांगावे लागले असते की मी खून केलेला नाही, कारण त्याने केला की नाही हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

तुमच्या आवडीचा निकाल त्यानंतर पन्नास वर्षांनी आला, तोही महाराष्ट्रातला. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००६. सासरच्यांनी सांगितले की सुनेला साप चावला. शवविच्छेदनात निघाले की गळा दाबल्याने गुदमरून मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, घरात गुपचूप केलेल्या खुनात सुरुवातीचा भार सरकार पक्षावरच असतो, पण तो इतर परिस्थितीजन्य खटल्यांइतका जड नसतो. घरातल्या माणसांनी मृत्यू कसा झाला याचे समाधानकारक स्पष्टीकरण द्यायला हवे. त्यांनी ते दिले नाही किंवा खोटे दिले, तर तो साखळीतला आणखी एक दुवा होतो. हा निकाल दोषारोपपत्राच्या सोबतच्या टिपणात आणि युक्तिवादात हमखास असतो. पण त्या खटल्यात साप चावला नव्हता हे वैद्यकीय पुराव्याने ठामपणे पुढे आले होते, हे उद्धृत करणारे विसरतात. शवविच्छेदनाचा निष्कर्ष पक्का होता, म्हणूनच घरच्यांच्या खोटेपणाला वजन आले.

त्यापुढचे निकाल तुमच्या फायलींत सहसा दिसत नाहीत, म्हणून इथे सांगते. शिवाजी चिंतप्पा पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०२१. पत्नी गळफास लागलेल्या अवस्थेत मृत सापडली, पतीला खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने सोडले. वैद्यकीय पुराव्यातून आत्महत्येची शक्यता गेलेलीच नव्हती, आणि पती-पत्नी एका छताखाली राहतात व तो तिच्यासोबत शेवटचा दिसला, एवढ्यावरून कलम १०६ थेट त्याच्यावर येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी नागेंद्र साह विरुद्ध बिहार राज्य. तिथे मृत्यू गळ्यावरच्या दाबाने झाला हे डॉक्टर सांगत होते, तरी आरोपी सुटला. घरात इतर माणसेही राहत होती, छळाचा पुरावा नव्हता आणि साखळी अपुरी होती. साखळीच पूर्ण नसेल तर आरोपीने स्पष्टीकरण दिले नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही.

कायदा इथे संपवते, कारण माझी खरी तक्रार घटनास्थळापासून सुरू होते.

खबरीत "गळफास घेऊन" असे लिहिले गेले की पुढचे सगळे कागद त्याच वळणाने जातात. मी पाहिलेल्या एका पंचनाम्यात फाशीबद्दल एवढेच होते : छताच्या लोखंडी अँगलला ओढणी बांधलेली दिसते, प्रेत खाली सतरंजीवर उताणे ठेवलेले आहे. अँगल जमिनीपासून किती उंच, बाईची उंची किती, पायाखाली स्टूल, डबा, पलंग काही होते का, अँगलवरची धूळ घासली गेलेली होती की तशीच होती, गाठ कसली होती, ओढणी कोणी कापली आणि कशाने, दाराला आतून कडी होती का, असेल तर दार कोणी आणि कसे उघडले, कोयंडा उचकटलेला होता का, यातले एक अक्षर नाही. खटला उभा राहिला तोवर त्या घराचे पत्रे जाऊन स्लॅब पडला होता. न्यायाधीशांनी साक्षीदार अधिकाऱ्यांना विचारले, अँगल किती उंचीवर होता? उत्तर आले, आठवत नाही. आत्महत्या की खून हा त्या खटल्यातला एकमेव प्रश्न होता आणि तो मोजपट्टीने सुटण्यासारखा होता.

फाशी खुनी की आत्महत्येची, हे शरीरही सांगते, पण विचारले तर सांगते. लटकून झालेल्या मृत्यूत गळ्यावरचा व्रण साधारणपणे उंचावर, हनुवटीच्या बाजूला, तिरका आणि गाठीच्या जागी तुटलेला असतो. दोरीने आवळलेल्या गळ्यावर तो खाली, आडवा आणि गळ्याभोवती सलग फिरलेला असतो. लटकलेल्या देहात रक्त खाली उतरून पाय आणि हातांचे पंजे काळेनिळे पडतात. तसे न होता पाठीवर डाग असतील, तर देह मृत्यूनंतर बराच वेळ उताणा पडून होता असा संशय घ्यायला जागा आहे. नखांचे ओरखडे, ओठांच्या आतल्या बाजूच्या जखमा, हातावरची प्रतिकाराची चिन्हे या सगळ्याला अर्थ आहे. जळून झालेल्या मृत्यूत श्वासनलिकेत काजळी आहे का, यावरून जळताना बाई जिवंत होती का ते कळते. पण शवविच्छेदनासाठी (पीएम) डॉक्टरांना गेलेले पत्र बहुधा छापील असते आणि त्यात "मृत्यूचे कारण कळवावे" एवढीच विनंती असते. डॉक्टर त्या दिवशी रांगेतले शवविच्छेदन करतात, कारण लिहितात "गळ्यावरील दाबामुळे श्वास गुदमरून", आणि तो दाब लटकल्याने आला की कोणी आवळल्याने, हे मोघम राहते. मग उलटतपासात आम्ही एकच प्रश्न विचारतो : आत्महत्येची शक्यता नाकारता येते का? डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतात, पूर्णपणे नाकारता येत नाही. खटला तिथेच संपतो.

ओढणी किंवा दोरी डॉक्टरांकडे पाठवा आणि गळ्यावरचा व्रण याच वस्तूने, याच पद्धतीने झाला का, हे लेखी विचारा. गाठ सोडू नका. फास कापावाच लागला तर गाठीपासून दूर कापा आणि कापलेली टोके बांधून खूण करा. व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी काढून डॉक्टरांनी मत राखून ठेवले असेल, तर रासायनिक तपासणीचा (सीए) रिपोर्ट आल्यावर तो घेऊन डॉक्टरांकडे परत जा. रिपोर्टात विष आढळले नाही असे येते, तो फाईलला लागतो, आणि अंतिम मत कोणी मागितलेच नाही, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ आणि १९६ प्रमाणे शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी होतेच. ती सोपस्कार समजू नका. तहसीलदारांसमोर बसून पंचनामा लिहिताना माहेरच्यांपैकी एक बाई हजर असेल, तर अंगावरच्या जुन्या खुणा तीच दाखवते.

दुसरा प्रश्न उपस्थितीचा. मृत्यू झाला त्या वेळी आरोपी घरात होता का? हा प्रश्न इतका साधा वाटतो की त्याचा पुरावाच गोळा होत नाही. दोषारोपपत्रात लिहिलेले असते, आरोपी हा मयताचा पती असून दोघे एकत्र राहत होते. हे लग्नाचे वर्णन झाले. मंगळवारी पहाटे दोन ते चारच्या दरम्यान तो कुठे होता, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आधी मृत्यूची वेळ बांधावी लागते. शरीराचे तापमान, ताठरपणा कुठवर आला होता, पोटातले अन्न कितपत पचलेले होते आणि शेवटचे जेवण कधी झाले होते, हे डॉक्टरांकडून नोंदवून घ्यावे लागते. त्यानंतर आरोपीची वेळ. कारखान्यातल्या पाळीची हजेरी, शेजारच्या दुकानाचा कॅमेरा, पहाटे दूध घालायला डेअरीवर कोण आले त्याची नोंद, गल्लीत दुचाकी कधी लागली हे पाहणारा माणूस. कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून हे काम आठवडाभराने करता येत नाही. मोबाईलच्या टॉवरवर फार भिस्त ठेवू नका. एक टॉवर अख्खे गाव आणि शेजारची दोन शिवारे व्यापतो. तो घरात होता की पारावर, हे टॉवर सांगत नाही.

आणि घरात दुसरे कोण होते? एकत्र कुटुंबात सहा माणसे झोपली होती आणि दोषारोपपत्रात सहाही जण आरोपी आहेत, अशी फाईल आली की माझ्या पोटात गोळा येतो. कलम १०९ सहा जणांवर सरसकट टाकता येत नाही. कोण कोणत्या खोलीत होते, मधले दार बंद होते का, मागचे दार कुठे उघडते, कोणाला आवाज ऐकू जायला हवा होता, याचा नकाशा नसेल तर खोटे कोण बोलतो आहे हे न्यायाधीशांना कसे कळावे? सगळ्यांना ओढल्याने माहेरच्यांचे तात्पुरते समाधान होते. निकालाच्या दिवशी मात्र सगळेच सुटतात, ज्याने मारले तोही.

आरोपीने पहिल्या तासात काय सांगितले, हा या तपासातला सर्वांत मौल्यवान कागद आहे आणि तोच सर्वांत जास्त हरवतो. बाईला दवाखान्यात आणले तेव्हा केसपेपरवर डॉक्टरांनी हकिगत लिहिलेली असते : जिन्यावरून पडली, चक्कर आली, साप चावला. कोणी आणले, किती वाजता आणले, आणताना बाई जिवंत होती का, हेही त्यावर असते. तो केसपेपर आणि एमएलसी रजिस्टरची, म्हणजे दवाखान्यातल्या पोलीस-प्रकरणांच्या नोंदवहीतली, नोंद त्याच दिवशी ताब्यात घ्या आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांचा जबाब घ्या. अकस्मात मृत्यूची खबर नवरा देत असेल तर त्याची हकिगत त्याच्याच शब्दांत लिहा, ठाणे अंमलदारांच्या ठरीव भाषेत नको. त्या वेळी दिलेली गोष्ट आणि नंतर न्यायालयात दिलेली गोष्ट यांत अंतर पडले, तर ते अंतर मोजता आले पाहिजे.

रक्ताळलेला कोयता घेऊन नवरा स्वतः ठाण्यात हजर होतो, त्या प्रकरणांत तर फार जपायला हवे. "मी तिला मारलं" हे त्याचे बोलणे पोलिसांसमोरची कबुली म्हणून पुराव्यात येत नाही. १९६५ च्या अघनू नागेशिया निकालापासून हे स्पष्ट आहे की आरोपीनेच दिलेल्या फिर्यादीतला कबुलीचा भागही वगळावा लागतो. तो कोयता घेऊन आला हे त्याचे वर्तन, त्याच्या कपड्यांवरचे रक्त, त्याने दाखवून दिलेली आणि तोवर पोलिसांना माहीत नसलेली गोष्ट, एवढेच उरते. पण हजर झाला म्हणून ठाण्यात सगळे निर्धास्त होतात. शेजाऱ्यांचे जबाब दोन आठवड्यांनी घेतले जातात आणि तोपर्यंत समाज, नाते, मध्यस्थ सगळे त्यांच्या घरी जाऊन आलेले असतात.

मुलांबद्दल लिहिताना मला हात आवरावा लागतो. या घरांत बहुतेक वेळा एक लहान मूल असते आणि त्याने काहीतरी पाहिलेले किंवा ऐकलेले असते. दिल्लीतल्या अनीस या खटल्यात, २०२४ च्या निकालात, पाच वर्षांची मुलगी ही एकमेव प्रत्यक्षदर्शी होती आणि न्यायालयात ती फितूर झाली. शिक्षा इतर पुराव्यावर कायम राहिली, पण सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांच्या उलटतपासाबद्दल खेद व्यक्त केला. तिने पोलिसांना आधी काय सांगितले होते, हे तिच्यासमोर नीट ठेवलेच गेले नव्हते. २०२५ मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंह या प्रकरणात उलट घडले. सात वर्षांच्या मुलीने आईचा खून पाहिला होता, प्रेत घाईघाईने जाळून टाकले होते, जबाब उशिरा घेतला म्हणून उच्च न्यायालयाने वडिलांना सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलीवर विश्वास ठेवला आणि शिक्षा पुन्हा लावली. मूल साक्ष द्यायला अपात्र नाही. प्रश्न समजून उत्तर देता आले की पुरे. पण आई गेल्यावर ते मूल कोणाच्या घरी राहते, यावर त्याची साक्ष टिकेल की नाही हे ठरते. आजीच्या हातचे जेवून, आजीच्या कुशीत झोपून त्याच आजीच्या मुलाविरुद्ध बोलणे कोणत्याही मुलाला झेपणार नाही. बालकल्याण समितीला लगेच कळवा. जबाब महिला अधिकाऱ्यांकडून, गणवेशाशिवाय, ठाण्याबाहेर घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब चार दिवसांत करून घ्या. आणि मुलाने जे म्हटले तेच लिहा. "माझे वडील नामे अमुक यांनी माझी आई हिचा गळा आवळून जिवे ठार मारले" असे कोणतेही पाच वर्षांचे मूल बोलत नाही, आणि हे वाक्य वाचले की बचाव पक्षाला पढवल्याचा पुरावा आयता मिळतो.

हीच गोष्ट माहेरच्यांच्या जबाबांची. आई, वडील, भाऊ, मामा, शेजारीण, पाचही जबाबांत तोच परिच्छेद : "माहेरहून पैसे आण म्हणून वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देत होता." स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. प्रत्यक्षात त्या आईशी अर्धा तास बोलले की ती सांगते, नागपंचमीला लेक आली तेव्हा तिला डावा हात वर करता येत नव्हता, वेणी मी घालून दिली. हे जबाबात आले असते तर कोणताही उलटतपास ते पुसू शकला नसता. मयताने बहिणीला पाठवलेले निरोप, पत्रे, आवाजी संदेश हेही पुराव्यात येतात. मृत्यू ज्या घडामोडींतून झाला त्यांच्या परिस्थितीविषयी मयताने केलेले निवेदन ग्राह्य धरता येते, हे सारडा निकालानेच मोकळेपणाने मान्य केले आहे. फक्त मोबाईलमधल्या पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हवे. अर्जुन पंडितराव खोतकर निकालानंतर, म्हणजे २०२० पासून, याबद्दल शंका राहिलेली नाही.

हे सगळे एका पत्नीबद्दल लिहिले असले तरी नियम सर्वांना सारखा आहे. पतीचा खून झाला आणि घरात फक्त पत्नी होती, किंवा म्हातारे आईवडील मेले आणि घरात मुलगा होता, तरी हीच साखळी लागते. आणि खून शाबीत होणे अवघड दिसते म्हणून हुंडाबळीचे कलम लावून गृहीतकावर भागवू नका. २०१० मध्ये राजबीर निकालात हुंडाबळीसोबत खुनाचा आरोप जोडण्याचे निर्देश आले, पण तो जोड पुराव्याशिवाय यांत्रिकपणे लावायचा नाही, हे २०१३ च्या जसविंदर सैनी निकालाने स्पष्ट केले.

कोणी म्हणेल, एवढे सगळे करूनही विषच सापडले नाही, शस्त्रच सापडले नाही तर? त्यांना मी पुण्यातल्या डॉ. लागू यांच्यावरील खटल्याची आठवण करून देते. १९५६ साली एका डॉक्टरने आपल्या ओळखीच्या, एकट्या राहणाऱ्या विधवेला पुण्याहून रेल्वेने मुंबईला नेले. ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाली आणि त्याच दिवशी गेली. शवविच्छेदनात आणि रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. त्या काळातल्या पोलिसांनी रुग्णालयातले कागद, रुग्णालयात सांगितलेले तिचे खोटे नाव, ती जिवंत आहे असे भासवण्यासाठी तिच्या नावाने लिहिलेली पत्रे, तिच्या मालमत्तेचे व्यवहार असे एकेक गोळा केले. सर्वोच्च न्यायालयाने विषाशिवाय विषप्रयोग शाबीत धरला आणि फाशी कायम केली. तेव्हा प्रत्यक्ष पुरावा नव्हता, डीएनए नव्हते, कॅमेरे नव्हते. आज तुमच्या हाती नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६(३) आहे, ज्याने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणे अपेक्षित आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आहे, त्यासाठीचे ई-साक्ष्य ॲप आहे. अडचण अशी की प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून नोंदले गेले की तज्ज्ञ येत नाहीत, कारण गुन्हाच नोंदलेला नसतो. चार दिवसांनी पीएम नोट्स येतात, गुन्हा दाखल होतो, तोवर घर सारवून-धुवून झालेले असते, दहाव्याची तयारी सुरू असते. घरात, तरुण वयात, अचानक झालेल्या प्रत्येक मृत्यूत गुन्हा नोंदण्याची वाट न पाहता खोली सील करा आणि तज्ज्ञांना बोलवा. वरिष्ठांनी याचे स्थायी आदेश काढावेत, अशी या पत्राच्या निमित्ताने त्यांनाही विनंती करते.

बंदोबस्त, मोर्चे, दौरे, हाताखाली अपुरी माणसे आणि टेबलावर इतर गुन्ह्यांचा ढीग, ही तुमची स्थिती मी रोज कोर्टाच्या व्हरांड्यात पाहते. म्हणून मागणे लहान ठेवते. आरोपी अटकेत असल्यापासून नव्वद दिवसांत दोषारोपपत्र जाते. साठाव्या दिवशी एक कोरा कागद घ्या. त्यावर आत्महत्या, अपघात, बाहेरची व्यक्ती, घरातली दुसरी व्यक्ती अशा चार शक्यता लिहा आणि प्रत्येकीसमोर तुमच्या फायलीतले जे पान तिला खोटे ठरवते त्याचा क्रमांक टाका. जिथे क्रमांक टाकता येणार नाही, तिथे डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, घटनास्थळाला परत भेट द्यायला अजून एक महिना हातात असेल. हा कागद सरकारी वकिलांना दाखवा, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली आरोपीला कोणते प्रश्न विचारायचे हे त्यावरूनच ठरते, आणि जी परिस्थिती आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. आणि फिरून येऊनही एखादी जागा रिकामीच राहिली, तर ती रिकामी आहे असे लिहा. पुरावा अपुरा असेल तर त्याच संहितेचे कलम १८९, म्हणजे आरोपीला सोडण्याची तरतूद, तुमच्यासाठीच आहे.

आपली विश्वासू,
सत्र न्यायालयातील एक फौजदारी वकील